इमामाचा पगार कोण देतं? (युरोपातल्या मुस्लिम संघटना : माहिती आणि अनुभव हवेत)

राइनकाठ (धागाकर्ता)

मंडळी, जर्मनीतल्या कोलोनला राहतो. एरेनफेल्ड भागातली मोठी मशीद इथल्या लोकांना पाहून माहीत असेलच. काँक्रीटच्या पाकळ्या, मध्ये काच आणि बाजूला ५५ मीटरचे दोन मिनार. वास्तुविशारद पाउल ब्योम. त्याच्या घराण्यात चर्च बांधायची परंपरा, त्यामुळे तेव्हा दोन्हीकडून नाकं मुरडली गेली होती.

३ ऑक्टोबरला, जर्मन एकीकरणाच्या सुट्टीला, इथल्या मशिदी सगळ्यांसाठी उघड्या असतात. ही प्रथा १९९७ पासूनची. यंदा गेलो होतो. चहा, बाकलावा आणि माहिती सांगायला विद्यापीठात शिकणारा एक मुलगा. जर्मन अगदी कोलोनी वळणाचं. कुराण, वुजू (नमाजाआधीचं हातपाय धुणं), महिलांची गॅलरी असं सगळं सांगून झाल्यावर एका आजोबांनी विचारलं, "तुमच्या इमामाचा पगार कोण देतं?" मुलगा म्हणाला, "आजवर तुर्कस्तानचं सरकार देत आलंय. आम्हालाही ते बदलायला हवंय." पुढचा अर्धा तास त्यावरच गेला.

ऑफिसातले जर्मन सहकारी म्हणतात, या संघटना अंकाराच्या, म्हणजे तुर्कस्तान सरकारच्या, इशाऱ्यावर चालतात. तुर्की मित्र म्हणतो, आमच्या गल्लीत बॉम्ब फुटला तेव्हा पोलिसांनी आमच्याच मानगुटीला धरलं, मग आम्ही जायचं कुणाकडे? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

तर प्रश्न असा : वंशद्वेषाविरुद्ध उभं राहणं, पोरांना कट्टरांच्या हाती लागू न देणं आणि समाजात मिसळायला मदत करणं, या तिन्ही अपेक्षा या संघटनांकडून असतात. त्यांच्याच्याने हे होतं का? तुमच्या देशात काय दिसतं?

भारतातलं राजकारण कृपया आणू नये.

उनाड

शेवटची ओळ वाचली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुना_खोंड

चाळीस वर्षांहून अधिक काळ श्टुटगार्टजवळ आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला. माणसं यायची, काम करायची आणि परत जायची, असं दोन्ही सरकारांना वाटत होतं. १९७३ ला भरती थांबली आणि गंमत म्हणजे त्यामुळेच लोक इथे स्थिरावले. एकदा गेलं तर पुन्हा येता येणार नाही, म्हणून त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. नमाज कुठे? मागच्या अंगणातल्या गॅरेजात, बंद पडलेल्या वर्कशॉपात. मी आलो तेव्हा आमच्या कारखान्यातले तुर्की लोक एका जुन्या गोदामात नमाज पढायचे. छत गळायचं. शुक्रवारी बादल्या मांडून मग सतरंज्या अंथरायचे.

१९८४ मध्ये कोलोनला 'दितिब' स्थापन झाली. ही तुर्कस्तानच्या धर्मखात्याची, म्हणजे 'दियानेत'ची इथली शाखाच म्हणा. इमाम तिकडून यायचा, तिकडचा सरकारी नोकर म्हणून. काही वर्षं राहायचा आणि बदली झाली की परत. त्याला जर्मन यायचं नाही, यायची गरजही नव्हती. आज दितिबच्या नऊशेच्या आसपास मशिदी आहेत.

आता ओरडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की तेव्हा बॉनच्या, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या, सरकारला हे पथ्यावरच पडलं होतं. पैसा लागत नव्हता, डोकेदुखी नव्हती, शिवाय तेव्हाचं अंकारा कट्टर धर्मनिरपेक्ष. मिल्ली गोरुशसारख्या राजकीय इस्लामवाल्यांपेक्षा सरकारी इमाम बरा, असा हिशेब. पुढे अंकाराचं सरकार बदललं, मग यांना अंकाराच्या हातातली दोरी दिसायला लागली.

हेमांगी_क

खोंडकाका, मस्त माहिती.

पगाराबद्दल एक मुद्दा. नव्याने आलेल्यांनी नगरपालिकेच्या नोंदणीचा फॉर्म आठवून बघा. त्यात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्चकर पगारातून आपोआप कापला जातो आणि कर खातं तो चर्चला पोचवतं. पाद्र्याचा पगार येतो तो प्रामुख्याने तिथून. आपण रकाना कोरा ठेवतो आणि सुटतो.

हा कर लावण्यासाठी धर्मसंस्थेला सार्वजनिक कायद्याखालचा दर्जा लागतो आणि त्यासाठी सभासद कोण, प्रतिनिधी कोण, हे दाखवावं लागतं. मशिदीत नमाजाला येणाऱ्याचं नाव कुठल्या वहीत नसतं. हेसन राज्यात २०१३ मध्ये अहमदिया जमातीला तो दर्जा मिळाला, मुस्लिमांत पहिल्यांदा. त्यांची रचना मुळातच नोंदणी आणि शिस्तीची. आणि त्यांना पुष्कळ इतर मुस्लिम मुस्लिमच मानत नाहीत! म्हणजे जे मोठे आहेत त्यांना दर्जा नाही आणि ज्यांना आहे ते बाकीच्यांच्या वतीने बोलू शकत नाहीत.

उनाड

जर्मनीत सात माणसं जमली की नोंदणीकृत संस्था होते. आमच्या गावात मराठी माणसं सात झाली तेव्हा मंडळ झालं. चौदा झाली तेव्हा दोन झाली.

शंकासूर

इतिहास ठीक आहे, पण फार गोड चाललंय सगळं. दोन गोष्टी कुणी काढत नाही म्हणून मीच काढतो.

एक. तुर्कस्तानातल्या २०१६ च्या फसलेल्या बंडानंतर दितिबच्या काही इमामांनी इथल्या गुलेन समर्थकांची (अंकाराने ज्याच्यावर बंडाचा ठपका ठेवला त्या धर्मगुरूच्या अनुयायांची) माहिती तुर्की वकिलातींना पुरवली, असं २०१७ मध्ये उघडकीला आलं. धाडी पडल्या, चौकशी झाली. खटला कुणावरच उभा राहिला नाही, काही जण तोवर मायदेशी गेले होते. पण मशिदीत शेजारी बसलेल्याचं नाव वकिलातीत जातंय, यावर समाजात मिसळण्याच्या कुठल्या गप्पा मारणार?

दोन. जून २०१७ मध्ये कोलोनमध्येच मुस्लिमांनी दहशतवादाविरुद्ध मोर्चा काढला, 'आमची साथ नाही' या अर्थाच्या घोषणेखाली. पुढाकार इस्लामच्या अभ्यासक लाम्या काद्दोर यांचा. दहा हजार लोकांची अपेक्षा होती, त्यापेक्षा फारच कमी आले. दितिबने भाग घ्यायला नकार दिला. कारणांत एक कारण रोजे! रोज्यात लोक कामावर जातात, फुटबॉल खेळतात, मोर्चा तेवढा झेपत नाही?

२०१८ मध्ये त्याच मोठ्या मशिदीचं उद्घाटन केलं तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी. शहराच्या महापौरबाई तिथे नव्हत्या. शहराची मशीद म्हणून जिचं कौतुक केलं, तिच्या उद्घाटनाला शहरच बाहेर.

राइनकाठ

@शंकासूर, उद्घाटनाबद्दल पूर्ण सहमत. मशिदीसाठी राजकीय किंमत मोजलेल्या इथल्या लोकांनाही ते लागलं.

पण मोर्चाचा दुसरा कंगोरा आहे. दितिबचं म्हणणं असंही होतं की असा मोर्चा काढला की दहशतवाद हा जणू आमचाच प्रश्न ठरतो. कारण म्हणून मला ते पुरेसं वाटत नाही, पण ते कुठून येतं हे कोयपश्ट्रासंवर गेल्यावर कळतं.

कोलोनच्या म्युलहाइम भागातली ही गल्ली. दागिन्यांची दुकानं, लग्नाचे केक, कबाब, न्हावी. ९ जून २००४ ला एका केशकर्तनालयापुढे सायकलला बांधलेला खिळ्यांचा बॉम्ब फुटला. २२ जण जखमी. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री ओटो शिली म्हणाले की दहशतवादाची खूण दिसत नाही. मग पुढची सात वर्षं पोलीस गल्लीतल्याच लोकांना विचारत राहिले : खंडणी कुणाला देता, भांडण कुणाशी आहे, ड्रग्जचा धंदा कोण करतो. जखमी झालेली माणसं संशयित. नोव्हेंबर २०११ मध्ये नवनाझींची एनएसयू टोळी उघडी पडली तेव्हा कळलं की बॉम्ब त्यांचा होता. याच टोळीने २००० ते २००७ मध्ये दहा खून केले, त्यातले आठ बळी तुर्की वंशाचे. वर्तमानपत्रांनी त्या खुनांना 'ड्योनर खून' (ड्योनर म्हणजे तुर्की कबाब) म्हटलं होतं.

माझा मित्र तिथलाच, तेव्हा शाळेत होता. पोलीस दुकानात येऊन गेले की वडील रात्री जेवायचे नाहीत, असं सांगतो. झोलिंगेन इथून तासाभराच्याही आत. तिथे १९९३ मध्ये एका तुर्की कुटुंबाच्या पाच मुलीबायका घर पेटवून मारल्या होत्या. हे सगळं डोक्यात असलेल्या माणसाला 'आधी निषेध कर' म्हटलं की तो कुठून ऐकणार?

दाभोळ_टू_बर्मिंगहॅम

सलाम, नमस्कार. आम्ही मूळ दाभोळचे कोकणी मुसलमान. वडील बोटीवर होते, बर्मिंगहॅमला उतरले ते उतरलेच. घरात अजून कोकणीच बोलतो, त्यामुळे इथे रोज येऊन वाचतो. लिहायची वेळ आज आली.

इकडे सरकार इमाम पाठवत नाही, पगारही देत नाही. मशीद म्हणजे धर्मादाय संस्था, तिचे विश्वस्त आणि वर सरकारी धर्मादाय आयोग. पगार येतो जुम्म्याच्या पेटीतून आणि मुलांच्या संध्याकाळच्या मदरशाच्या फीमधून. म्हणजे इमाम अंकाराचा नसतो, तो समितीचा नोकर असतो. आणि समिती म्हणजे काय ते मला विचारा! पूर्वी आम्ही जात होतो त्या मशिदीत सगळे विश्वस्त एकाच बिरादरीचे, सत्तरीपुढचे. खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, उर्दूत. समोर बसलेल्या पोरांपैकी निम्म्यांना उर्दू कळत नव्हती. शिकलेला, इंग्रजी बोलणारा इमाम आणू म्हटलं तर उत्तर, "परवडत नाही." त्याच वर्षी झुंबर बदललं.

पोरं मग इंग्रजीत सांगणारा शोधतात. आणि इंग्रजीत कोण सांगत होतं? नव्वदीत लंडनच्या फिन्सबरी पार्क मशिदीत कट्टर प्रचारक अबू हमझा. त्याने ती जवळजवळ ताब्यातच घेतली. विश्वस्त कोर्टात गेले, तरी हटेना. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांची धाड पडली, मशीद बंद झाली, तर हा बाहेर रस्त्यावर नमाज पढवायला लागला. २००५ मध्ये नवे विश्वस्त आले, स्थानिक मुसलमान आणि पोलीस मिळून मशीद परत मिळवली. ही लढाई मुसलमानांनी लढली, त्याच्या बातम्या फार झाल्या नाहीत.

त्याच मशिदीजवळ १९ जून २०१७ ला तरावीहनंतर (रमजानमधली रात्रीची नमाज) एका गोऱ्या माणसाने व्हॅन गर्दीत घातली. एक जण गेला. चिडलेल्या लोकांनी हल्लेखोराला धरलं तेव्हा जवळच्या मुस्लिम वेल्फेअर हाउसचे इमाम मोहम्मद महमूद मध्ये पडले आणि पोलीस येईपर्यंत त्याला मार लागू दिला नाही. एका मोहल्ल्यात दोन्ही इतिहास आहेत.

जुना_खोंड

दाभोळकरसाहेब, झुंबर वाचून हसलो आणि मग हसू गेलं. लिहीत जा.

बाभूळगावकर

[प्रतिसाद संपादित. धाग्याचा विषय युरोप आहे. – संपादक]

उनाड

आला, गेला. पॉपकॉर्न अर्धाच संपला.

प्रशांत_आरहूस

डेन्मार्कमधून हजेरी. आमचं आरहूस या विषयात जगभर गाजलं.

२०१३ पर्यंत इथून तीसेक तरुण सीरियाला लढायला गेले. त्यातले बरेच ग्रिमह्योय मशिदीत जाणारे. बाकी देशांत पासपोर्ट जप्त करा, तुरुंगात टाका, असं चाललं होतं. इथल्या पोलिसांनी आणि नगरपालिकेने उलट केलं. मशिदीच्या लोकांशी समोरासमोर बसले. परत आलेल्या पोरांना, गुन्हा सिद्ध होत नसेल तर, घर, शिक्षण आणि एक मार्गदर्शक दिला. पालकांचे गट केले. २०१४ मध्ये गेलेल्यांची संख्या एकावर आली. सगळं श्रेय याच योजनेचं नसेल, पण काही तरी लागू पडलं हे खरं.

हे पोलीस तेच आहेत जे फुटबॉलचे दंगेखोर आणि उजवे कट्टर सांभाळतात. त्यांना त्यात धर्मशास्त्र दिसत नाही, भरकटलेलं पोर दिसतं. मला हे पटतं.

शंकासूर

@प्रशांत, त्याच मशिदीत छुपा कॅमेरा नेला होता ना कुणी? २०१६ मध्ये टीव्हीवर दाखवलं. इमाम व्यभिचाराची शिक्षा म्हणून दगडांनी मारण्याबद्दल शिकवत होता. पोलिसांनी चहाला बसवलं म्हणून अशा माणसाला प्रतिष्ठा मिळते आणि त्याच गावातल्या साध्या मुसलमानाला वाटतं की सरकारशी बोलायचं तर याच्यामार्फत. प्रत्येक देशात हेच. बर्लिनला सेयरान आतेश यांनी २०१७ मध्ये उदारमतवादी मशीद काढली, बायका-पुरुष एकत्र नमाज पढतात. त्यांना पोलीस संरक्षणात फिरावं लागतं. कुठल्या मोठ्या संघटनेने त्यांची बाजू घेतली?

प्रशांत_आरहूस

तो कार्यक्रम इथेही खूप गाजला आणि संताप योग्यच होता. पण सीरियाला निघालेला पोरगा त्या मशिदीत बसलाय, तर बोलणी तिथेच करावी लागणार ना? उदारमतवादी मशिदीत तो येतच नाही. प्रतिष्ठा देणं आणि बोलणं यातली रेघ पुसट आहे, एवढं मान्य.

म्युनिकवासी

अवांतर वाटेल, पण नाहीये. म्युनिकच्या दक्षिणेला पेन्झबर्ग नावाचं जुनं खाणकामगारांचं गाव आहे. तिथली २००५ ची मशीद जरूर बघा. दारापाशी काँक्रीटचे दोन उघडे पल्ले, त्यांवर अरबी आणि जर्मन मजकूर. आत निळसर काच. इमाम बेन्यामिन इद्रिझ मूळचे मॅसेडोनियातले, खुतबा जर्मनमध्येही. गावाशी उत्तम संबंध. तरी काही वर्षं गुप्तचर खात्याच्या अहवालात नाव होतं, नंतर वगळलं.

आता पैसा कुठला? शारजाच्या अमीरांचा! कुणी कितीही म्हणो, परदेशी पैसा आला तर कट्टरता येतेच असं नाही. याच इद्रिझ यांनी म्युनिक शहरात मोठं इस्लामी केंद्र आणि तिथे इमामांचं शिक्षण, अशी योजना मांडली होती. राजकारण्यांचा पाठिंबा, सह्यांची मोहीम करून विरोध, सगळं झालं. २०१६ मध्ये योजना गुंडाळली. कारण? पैसेच उभे राहिले नाहीत.

जुना_खोंड

ऑस्ट्रियात याचं उलट. तिथे १९१२ पासून इस्लामला कायद्याने मान्यता आहे. सम्राटाने बोस्निया घेतला होता, प्रजेत मुसलमान आले, म्हणून कायदा केला. २०१५ मध्ये तो बदलून चालू खर्चासाठी परदेशी पैसा घेण्यावर बंदी घातली. चर्चना अशी बंदी नाही. २०१८ मध्ये सरकारने वाजतगाजत सात मशिदी बंद करायची घोषणा केली, पुढे कोर्टात ते टिकलं नाही. मान्यता असूनही संशय काही जात नाही.

शबाना_एल

दाभोळवाल्या भाईंचा प्रतिसाद वाचून लिहितेय. मी लंडनला, माहेर पनवेलचं.

इथे सगळे 'संघटना' म्हणताय, पण वरचे प्रतिसाद चाळा : इमाम, विश्वस्त, समिती, मंत्री, पोलीस. आतेश सोडल्या तर मशिदीच्या आतली बाई कुठे आहे? हल्ला झाला की पहिला फटका आम्हाला, कारण स्कार्फ लांबून दिसतो. बसमध्ये माझा ओढला गेला तेव्हा ज्या मशिदीत जाते तिथे सांगायला गेले. काका म्हणाले, "बेटी, थोडे दिवस एकटी फिरू नकोस." झालं काम. तक्रार नोंदवायला मदत मिळाली ती वंशद्वेषाच्या घटना नोंदवणाऱ्या एका स्वयंसेवी गटाकडून. तिथे फोनवर बाईच होती.

ब्रिटनच्या मुस्लिम कौन्सिलची स्थापना १९९७ ची. पहिली महिला सरचिटणीस, झारा मोहम्मद, आली २०२१ मध्ये. आणि त्या कौन्सिलशी सरकार २००९ मध्ये एकदा बिनसल्यापासून धड बोलत नाही. म्हणजे आतून दार उघडायला इतकी वर्षं आणि बाहेरचं दार बंदच.

ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटनभर मुस्लिम आणि स्थलांतरितांविरुद्ध दंगल झाली, तेव्हा आमच्या मशिदीच्या खिडक्यांना प्लायवूड ठोकलं होतं. बायकांचा हॉल तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला, पुरुषांचा आत. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही सांगितल्यावर जागा बदलली.

हेमांगी_क

शबानाताई, तळमजल्याचं वाचून सुन्न झाले. वाचनखूण साठवली.

त्याच दंगलीत लिव्हरपूलचे इमाम ॲडम केलविक बाहेर घोषणा देणाऱ्यांना बर्गर आणि चिप्स घेऊन भेटायला गेले, तो व्हिडिओ पाहिला होता. भारी वाटलं होतं.

शबाना_एल

भारी होतंच. फक्त प्रत्येक वेळी बर्गर आमच्याकडूनच, एवढं लक्षात घ्या.

राइनकाठ

चर्चा मस्त चाललीय. पगारावर परत येतो, कारण ताजा बदल तिथेच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनीचं गृहखातं, दियानेत आणि दितिब यांचं ठरलं : तुर्कस्तानातून इमाम पाठवणं टप्प्याटप्प्याने थांबवायचं आणि दर वर्षी शंभर इमाम इथेच तयार करायचे. ओस्नाब्र्युकला २०२१ पासून इमाम प्रशिक्षणाचं कॉलेज आहे, दितिबचंही स्वतःचं केंद्र आयफेलच्या डोंगराळ भागात आहे. म्हणजे शिक्षणाचं मार्गी लागतंय.

शंकासूर

शिकून आलेल्याला ठेवणार कोण? जर्मन पदवीधर जर्मन पगार मागेल. अंगणातली मशीद तो पेटीतून देणार? वर दियानेतचा हात पूर्ण सुटलाय असंही नाही, करारात तेही आहेतच. त्यापेक्षा माझं मत : चर्चकरासारखी सोय सगळ्यांना द्या आणि हिशेब मागा. पैसाही इथला, लेखापरीक्षणही इथलं.

जुना_खोंड

शंकासूर आणि मी एकाच बाजूला. तारीख लिहून ठेवा.

पण सोय द्यायची तर सभासदांची यादी लागते आणि कोयपश्ट्रासंवरचा माणूस आपलं नाव मुसलमान म्हणून सरकारी यादीत कशाला घालेल? हेमांगीने वर फॉर्मचं सांगितलंच आहे. आपण रकाना कर वाचवायला कोरा ठेवतो, तो भीतीने ठेवेल.

दाभोळ_टू_बर्मिंगहॅम

आमच्याकडे यादी नाही, कर नाही, तरी पगार देता येतो. सध्याच्या मशिदीत तरुणांनी बँकेतून महिन्याची ठरावीक वर्गणी सुरू केली. जमाखर्चाचा कागद चपलांच्या रॅकवर लावतो, सगळ्यांच्या नजरेला पडतो. इमाम ब्रॅडफर्डचा, इथेच वाढलेला, शाळेच्या बैठकींना जातो. पण आमची मशीद मोठी, कामधंद्याला लागलेल्यांची. गरीब वस्तीत हे जमणार नाही, हेही सांगतो.

पुढच्या महिन्यात समितीची निवडणूक आहे. मी उभा आहे.

शबाना_एल

भाई, मुबारक. बायकांना मत आहे का?

दाभोळ_टू_बर्मिंगहॅम

घटनेत 'सभासद' लिहिलंय, पुरुष असं लिहिलेलं नाही. आजवर कुणी बाई सभासद व्हायला आली नाही, असं जुने लोक सांगतात.

शबाना_एल

फॉर्म कुठे ठेवता?

दाभोळ_टू_बर्मिंगहॅम

पुरुषांच्या हॉलमध्ये, इमामसाहेबांच्या कपाटात. उद्याच बायकांच्या बाजूला गठ्ठा ठेवायला सांगतो. माझी बहीण पहिली भरेल, ती विरोधातच मत देईल.